‘रेड क्लिफ’ घरी आणायचा तर खर्च किती?

दिग्दर्शक जॉन वूचा ‘रेड क्लिफ’ विकत घ्यायला निघालेल्या माणसाने आधी मिनिटे मोजावीत, पैसे नंतर. हा चित्रपट आशियात दोन भागांत आला. पहिला भाग जुलै २००८ मध्ये, १४६ मिनिटांचा. दुसरा जानेवारी २००९ मध्ये, १४२ मिनिटांचा. एकूण २८८ मिनिटे, म्हणजे पाच तासांना बारा मिनिटे कमी. युरोप-अमेरिकेतल्या थिएटरांसाठी मात्र दोन्ही भागांना कात्री लावून १४८ मिनिटांचा एकच चित्रपट करण्यात आला. डिस्कच्या जाहिरातीत तुम्हाला कधी १४६ दिसेल, कधी १४८, आणि घाईत दोन्ही सारखेच वाटतील. पहिल्या आकड्यात कथेचा पूर्वार्ध आहे, पण तो अखंड आहे. दुसऱ्यात कथा शेवटपर्यंत जाते, पण जवळजवळ निम्मी गाळून. तुम्हाला यातले काहीच नको आहे, तुम्हाला २८८ हवेत. ज्यांनी हे न बघता डिस्क घेतली ते बहुधा पुढे दुसऱ्यांदा पैसे मोजतात.

कापलेल्यात गेले काय, हे आधी पाहू, कारण जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. कथा चीनमधली, इसवी सन २०८ च्या हिवाळ्यातली. हान साम्राज्य नावापुरते उरलेले, सम्राट मुठीत ठेवून उत्तरेचा कारभार हाकणारा त्साओ त्साओ प्रचंड सैन्य आणि आरमार घेऊन यांगत्सेच्या काठावर उतरलेला. दक्षिणेला सुन छुआन आणि परागंदा झालेला लिऊ बेई. दोघांनाही एकट्याने लढणे परवडणारे नाही म्हणून युती होते. त्या युतीचे डोके म्हणजे सुन छुआनचा सेनापती झोउ यू आणि लिऊ बेईचा सल्लागार झुगे लियांग. टोनी ल्युंग आणि ताकेशी कानेशिरो यांनी ही दोन माणसे केली आहेत. आगीची होडकी शत्रूच्या आरमारावर सोडायची, पण त्यासाठी वारा आग्नेयेकडून वाहायला हवा, आणि हिवाळ्यात तो तसा वाहत नाही. सगळे युद्ध या एका वाऱ्यासाठी खोळंबलेले असते.

आखूड आवृत्तीत लढाया बऱ्याचशा शाबूत आहेत, गेले आहे ते दोन लढायांच्या मधले. उदाहरण बाणांच्या प्रसंगाचे घ्या. झुगे लियांग पेंढ्याने मढवलेल्या होड्या धुक्यात शत्रूच्या तळासमोर नेतो आणि शत्रूनेच सोडलेले लाखभर बाण त्या पेंढ्यात गोळा करून परत येतो. लांब आवृत्तीत हे सगळे एका पैजेतून घडते. तीन दिवसांत बाण आणले नाहीत तर झुगे लियांगचे डोके जाणार, आणि समोरून झोउ यूनेही आपली मान तशीच पणाला लावलेली. आखूड आवृत्तीत या पैजेची पार्श्वभूमी गाळली आहे, त्यामुळे प्रसंग दिसायला झकास राहतो पण पोटात गोळा येत नाही. इंग्लंडमध्ये दाखवलेल्या चित्रपटातून तर वाघाच्या शिकारीचा प्रसंगही गेला. अमेरिकी आवृत्तीच्या सुरुवातीला इंग्रजी निवेदन चिकटवले आहे, इतिहासाचा धडा दिल्यासारखे.

आता वेष्टनावरच्या शब्दांचा घोळ. अमेरिकेत मार्च २०१० मध्ये हा चित्रपट ब्लू-रे आणि डीव्हीडीवर आला तेव्हा दोन वेगळी पॅकेट निघाली. एकावर ‘थिएट्रिकल व्हर्जन’ असे होते, दुसऱ्यावर ‘इंटरनॅशनल व्हर्जन’. लांब, दोन भागांचा चित्रपट हवा असेल तर अमेरिकी पॅकेटावर ‘इंटरनॅशनल’ शोधायचे. हे लक्षात ठेवा, कारण मन उलटे सांगते: परदेशी प्रेक्षकांसाठी कापलेला तोच ‘इंटरनॅशनल’ असणार, असे. काही किरकोळ विक्रेतेही हीच गल्लत करून आखूड डिस्कच्या वर्णनात तो शब्द टाकतात. तेव्हा शब्दावर विसंबू नका. मागच्या कव्हरचा फोटो मागवा आणि त्यावर दोन गोष्टी पाहा, डिस्क किती आणि मिनिटे किती. ‘पार्ट वन अँड पार्ट टू’ लिहिलेले असले, डिस्क दोन असल्या आणि मिनिटांची बेरीज पावणेतीनशेच्या पुढे जात असली, तर माल बरोबर आहे.

पावणेतीनशे म्हणतो, पुरते २८८ नाही, त्याला कारण आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. इंग्लंड-युरोपची डीव्हीडी पॅल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटी दाखवणारी. त्यामुळे चित्रपट किंचित वेगाने पळतो आणि २८८ मिनिटांचा मजकूर साधारण २७६ मिनिटांत संपतो. ब्रिटिश डीव्हीडीवर कमी मिनिटे दिसली की ‘बारा मिनिटे कापली’ म्हणून ती नाकारणारे लोक आहेत. त्यात काहीही कापलेले नसते. ब्लू-रेवर हा प्रकार नाही, तिथे पूर्ण वेळच दिसली पाहिजे.

दुसरी अडचण विभागांची. डीव्हीडीच्या नकाशात भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, इंग्लंड-युरोप आणि जपान दुसऱ्या, हाँगकाँग-तैवान तिसऱ्या आणि चीन एकटा सहाव्या. ब्लू-रेचे विभाग तीनच. अमेरिका, जपान, कोरिया, हाँगकाँग ‘ए’ मध्ये, युरोप-ऑस्ट्रेलिया ‘बी’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये. म्हणजे हा चित्रपट जिथे जिथे सहज मिळतो तिथला विभाग आपला नाही. डीव्हीडीच्या बाबतीत हे फारसे आडवे येत नाही. आपल्याकडे विकले गेलेले बरेच स्वस्त प्लेअर कुठलीही डीव्हीडी चालवतात, आणि जे चालवत नाहीत त्यांतले पुष्कळसे रिमोटवरचे ठराविक आकडे दाबून मोकळे करता येतात. ब्लू-रे प्लेअर असे ऐकत नाहीत. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरात आहे म्हणून निर्धास्त असाल तर तेही सांगतो: डिस्कचा खाचा असलेले मॉडेल ब्लू-रे दाखवते, पण ज्या देशात ते विकले गेले त्याच विभागाची.

जपानी आणि कोरियन आवृत्त्या फोटोत देखण्या दिसतात, पेटीत पुस्तिका वगैरे. पण त्यांवर इंग्रजी उपशीर्षके नसण्याचीच शक्यता जास्त. चित्रपट मँडरीनमध्ये आहे, तेव्हा उपशीर्षकांच्या यादीत ‘इंग्लिश’ स्पष्ट दिसल्याशिवाय खिशात हात घालू नका.

आता खर्च. खालचे भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक शे-पाचशेचा फरक पडेल.

सर्वांत स्वस्त वाट ऑनलाइन भाड्याची. आपल्याकडे चित्रपटाचे ऑनलाइन भाडे साधारण शंभर ते दीडशे रुपये पडते, आणि एकदा सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४८ तासांत संपवावा लागतो. दोन भाग दोन वेगळे चित्रपट म्हणून लावलेले असतील तर भाडेही दोनदा, म्हणजे अडीचशे-तीनशे. पैसे भरण्याआधी पानावरची लांबी बघायची, तिथे १४८ दिसले तर मागे फिरायचे. हे चित्रपट या मंचावरून त्या मंचावर उड्या मारत असतात, आज आहे तो पुढच्या महिन्यात नसतो. ‘बाय’ चे बटण दाबून घेतलेला चित्रपटही कंपनीचा करार संपला की तुमच्या यादीतून जाऊ शकतो. एकदाच बघायचा असेल तर मात्र याहून जास्त खर्च करण्यात अर्थ नाही, हे माझे प्रामाणिक मत.

डिस्कच हवी असणाऱ्यांना मी ब्रिटिश डीव्हीडी सुचवतो, दोन्ही भागांची. भारतातले टीव्ही मुळातच पॅलचे, तिथे ती बिनतक्रार चालते. शिवाय पॅल डीव्हीडीत ५७६ रेषा असतात, अमेरिकी डीव्हीडीत ४८०. फरक थोडा आहे, पण मोठ्या टीव्हीवर जाणवतो. वापरलेली प्रत इंग्लंडमध्ये दोन-चार पौंडांना मिळून जाते. त्यावर भारतापर्यंतचे टपाल मात्र दुप्पट-तिप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय. सगळे धरून दीड ते दोन हजारांत काम व्हावे.

चालवायची कशावर? घरात जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर प्रश्न मिटला. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हापासून मराठी घरांमध्ये प्लेअर शिरले होते, त्यांतले अनेक अजून माळ्यावर आहेत. त्याला फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा असेल आणि नव्या टीव्हीला एचडीएमआयच असेल, तर मधे लावायचा कन्व्हर्टर चारशे-पाचशे रुपयांना येतो. ‘एव्ही टू एचडीएमआय’ म्हणून मागा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ नावाची उलट्या कामाची डबी त्याच किमतीला, तसल्याच खोक्यात मिळते, आणि दुकानदार गडबडीत तीच देतो.

प्लेअर नसेल तर लॅपटॉपला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या, दीड ते अडीच हजार. सोबत व्हीएलसी हे फुकटचे सॉफ्टवेअर. रायटर थेट टीव्हीच्या यूएसबीत खुपसून चित्रपट लागेल अशी आशा धरू नका, टीव्ही त्याला ओळखत नाही. लॅपटॉप हवाच, आणि तिथून टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर, दोन-तीनशे रुपयांची. आणखी एक सूचना: अशा रायटरचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर शेवटचा जो असेल तो कायमचा. ‘रीजन बदलू का?’ असे खिडकीत विचारले गेले की लगेच ‘ओके’ दाबायची सवय इथे महागात पडते.

ब्लू-रेचे गणित निराळेच. चित्र अर्थातच फार वर आहे, १०८० रेषांचे. पहिल्या भागाच्या शेवटाकडे झुगे लियांग एक कबूतर सोडतो आणि कॅमेरा त्याच्यामागोमाग नदी ओलांडून थेट त्साओ त्साओच्या तळावर जातो. खाली एकाला एक लागून उभी असलेली जहाजे, काठावरच्या छावण्या, हालचाली करणारे ठिपक्याएवढे सैनिक. डीव्हीडीवर या ठिपक्यांचा लगदा होतो, ब्लू-रेवर ते माणसे राहतात. हा चित्रपट तेव्हाच्या सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये झाला, आशियाई पैशातून बनलेला त्या काळचा सर्वांत महागडा, आणि तो पैसा अशा दृश्यांत दिसतो. कबुतराबद्दल सांगायचे तर ‘फेस/ऑफ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना जॉन वूचे पक्षीप्रेम ठाऊक असेलच.

अमेरिकेतून ‘इंटरनॅशनल व्हर्जन’ ची ब्लू-रे मागवली तर काय पडेल, याचा नमुन्यादाखल हिशेब करू. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरू. डिस्क समजा २० डॉलरची, म्हणजे १८०० रुपये. पाठवणावळ १५ डॉलर, १३५० रुपये. झाले ३१५०. सीमाशुल्क निव्वळ डिस्कच्या किमतीवर लागत नाही, त्यात पाठवणावळ आणि विमाही धरतात, म्हणजे या ३१५० वर. दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून मी नेहमी ४० टक्के बाजूला काढून ठेवायला सांगतो, कमी लागले तर आनंदच. ते १२६०. कार्डाने परकीय चलनात पैसे दिल्याबद्दल बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते, ते शंभरेक. कुरिअर कंपनी सीमाशुल्क भरण्याचे काम केल्याबद्दल स्वतःचे चारशे-पाचशे लावते, आणि ही रक्कम दारात आलेला माणूस बिल दाखवतो तेव्हाच कळते. वीस डॉलरची डिस्क अशी पाच हजारांच्या घरात जाते. कुरिअरवाले आधार किंवा पॅनची प्रत मागतात, ती नेमाची गोष्ट आहे. मात्र ती कुरिअरच्या अधिकृत संकेतस्थळावरच द्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर नको.

‘पाकिटावर गिफ्ट लिहून पाठव’ हा सल्ला अजून घराघरात दिला जातो. डिसेंबर २०१९ पासून तो निकामी आहे. टपाल वा कुरिअरने भेट म्हणून माल सोडवून घेण्याची सवलत तेव्हा बंद झाली, राख्या आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद ठेवून. उगाच पाकीट अडकायचे.

त्यापेक्षा न्यू जर्सी किंवा लंडनहून दिवाळीला येणारा भाचा, पुतण्या, मैत्रिणीची मुलगी, कोणी ना कोणी असतेच. डिस्क त्यांच्या पत्त्यावर मागवायची, पाठवणावळ किरकोळ किंवा शून्य. दोन डिस्कच्या खोक्याचे वजन शंभर-दीडशे ग्रॅम, आणि स्वतःच्या सामानातून एखादी डिस्क आणणे प्रवाशाच्या नेहमीच्या करमुक्त सवलतीत सहज बसते. पाच हजारांचा खर्च दोन हजारांवर येतो. फक्त त्यांना नुसते नाव सांगू नका, नेमकी लिंक पाठवा. ‘मामा, रेड क्लिफच ना? आणला!’ म्हणून कोणी १४८ मिनिटांची डिस्क हातात ठेवली तर तोंड वाकडे करण्याचीही सोय नसते.

आणि एवढे करून ती ‘ए’ किंवा ‘बी’ विभागाची डिस्क घरच्या ‘सी’ विभागाच्या प्लेअरवर चालायची नाही. सगळे विभाग चालवणारा प्लेअर मुद्दाम फेरफार करून विकला जातो आणि साध्याच्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळतो. मुळात प्लेअरच दुर्मीळ होत चालले आहेत. ओप्पोने २०१८ मध्ये हा धंदा सोडला, सॅमसंगने २०१९ मध्ये नवी मॉडेल थांबवली, एलजीनेही २०२४ च्या अखेरीस अंग काढून घेतले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारा, मिळालाच तर दुकानात आपली डिस्क लावून बघा आणि मगच पैसे द्या. लॅपटॉपची वाट इथेही आहे, पण बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह आठ ते बारा हजारांचा, आणि व्हीएलसी इथे चालत नाही. ब्लू-रेच्या कुलपासाठी विकतचे सॉफ्टवेअर लागते. एका चित्रपटासाठी हा सगळा संसार मांडणे मला पटत नाही. ज्यांच्याकडे आधीच पंचवीस-तीस परदेशी ब्लू-रे आहेत त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना हा लेख लागणारही नाही.

स्वस्तातला ‘ऑल रीजन’ संच दिसला, दोन्ही भाग, वर बोनस डिस्क, सातशे रुपयांत घरपोच, तर डिस्क पालथी करून बघा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी मागून चांदीसारखी असते, कधी किंचित सोनेरी. जांभळट झाक दिसली तर ती कुणीतरी घरी बसून भाजलेली. मधल्या भोकाभोवती आरशासारखे कडे असते, त्यात बारीक कोरलेला क्रमांक आणि बहुधा बारकोड असतो. बनावट डिस्कवर हे कडे कोरे असते किंवा त्यावर नुसत्या कोऱ्या डिस्कच्या कंपनीचे नाव. अशा प्रतींतली उपशीर्षके कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेलेली असतात ते त्यांचे त्यांनाच माहीत. आणि या चित्रपटात उपशीर्षके बिघडली की संपले, कारण पहिल्या अर्ध्या तासात डझनभर सेनापती येऊन जातात.

जुनी डिस्क हातात घेऊन घ्यायची असेल, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात म्हणा किंवा ओळखीच्या संग्राहकाकडून, तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. मधून कडेकडे जाणारे ओरखडे बहुतेक निभावून जातात. डिस्कच्या गोलाईबरोबर वळणारा ओरखडा वाईट, तो एकाच जागची सलग माहिती खातो आणि चित्र गोठते. डिस्क उजेडासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके आरपार दिसले तर भाव करू नका, सरळ परत द्या. तो आतला पत्रा गेलेला असतो, पुसून जाणारा डाग नव्हे.

पार्सल घरी आले की परत पाठवायची मुदत बघून ठेवा आणि त्याच दिवशी दुसऱ्या भागाची मधली तीस-चाळीस मिनिटे चालवा. एवढ्या लांब चित्रपटाच्या डिस्कला बहुधा दोन थर असतात, पहिला आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत, त्यामुळे चित्रपटाचा मध्य बाहेरच्या कडेजवळ असतो, आणि हाताळणीत सगळ्यात जास्त बोटे तिथेच लागतात. खोट असेल तर बहुधा इथे सापडेल. मधलाच भाग आधी बघायला नको वाटत असेल तर आवाज बंद करा आणि पाच-पाच मिनिटांनी पुढे सरका. भाषा मँडरीन निवडली आहे ना आणि उपशीर्षके लागताहेत ना, हेही तेव्हाच पाहून घ्या. काही अडले तर पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, फोटो नको. गोठलेले चित्र आणि मुद्दाम थांबवलेले चित्र फोटोत सारखेच दिसते, आणि विक्रेता नेमके तेच म्हणतो.